इंग्रजीची पहिली व्याकरणे आणि पहिले कोश कुणासाठी लिहिले गेले?

प्रश्न असा आहे: इंग्रजी शिकवण्यासाठी वापरलेली सर्वांत जुनी व्याकरणे आणि शब्दकोश कोणते, आज वर्गात शिकवतो ते नियम त्यांतूनच आले का, आणि शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्याने ती पुस्तके उघडून पाहण्यात काही अर्थ आहे का? विचारणाऱ्या बाई आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकवतात. त्यांची मुले घरी, गल्लीत, बाजारात कुठेही इंग्रजी ऐकत नाहीत. हा शेवटचा तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर त्याच अंगाने देतो.

अर्थ आहे, आणि भरपूर आहे. इंग्रजीच्या शिक्षकांना व्याकरण कसे शिकवावे हे सांगण्यात माझी बरीच वर्षे गेली. ही जुनी पुस्तके मी शिक्षकांना आवर्जून दाखवतो. मात्र प्रत्येक पुस्तकाला आधी एकच गोष्ट विचारायची: हे कुणाला शिकवण्यासाठी लिहिले? घरात इंग्रजीच बोलणाऱ्या मुलाला, की इंग्रजीचा गंध नसलेल्या परक्या माणसाला? या दोघांसाठीची पुस्तके अगदी सुरुवातीपासून वेगळी होती. आपल्या शाळांत पोहोचली ती बहुतेक पहिल्या प्रकारची. वर्गातल्या कितीतरी अडचणी तिथून सुरू होतात.

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ग्रामर स्कूल म्हणजे लॅटिन व्याकरणाची शाळा. इंग्रजीला व्याकरण असते आणि ते मुलांना शिकवायचे असते, असे फारसे कुणाला वाटत नव्हते. ती तर आईच्या तोंडून येतेच. शाळांत चालायचे ते विल्यम लिलीच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन व्याकरण. लिली १५२२ मध्ये वारला होता. त्याच्या आणि इतरांच्या मजकुरातून पुढे जुळवलेले हे पुस्तक आठव्या हेन्रीने १५४० च्या दशकात शाळांना लावून दिले. शेक्सपिअरची सगळी पिढी त्यावर वाढली. साहजिकच इंग्रजीचे व्याकरण लिहायची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नमुना एकच होता.

विल्यम बुलोकरने १५८६ मध्ये इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण काढले. इंग्रजीही नियमांनी बांधलेली भाषा आहे हे त्याला दाखवायचे होते, आणि ते एकदा कळले की मुलांना लॅटिन सोपे जाईल अशी त्याची आशा होती. मांडणी सरळ लिलीची. लॅटिन नामाला विभक्तीचे प्रत्यय लागतात. इंग्रजी नामाला अनेकवचनाचा आणि मालकी दाखवणारा ‘एस’ सोडला तर काहीच लागत नाही. तरीही ‘किंग’, ‘ऑफ अ किंग’, ‘टू अ किंग’, ‘ओ किंग’ अशा धर्तीचे विभक्तींचे तक्ते इंग्रजी व्याकरणांत पुढे बराच काळ टिकून राहिले. ज्या मुलाला पुढे लॅटिन शिकायचे आहे त्याला या तक्त्याचा उपयोग आहे. ज्याला नुसते इंग्रजी शिकायचे आहे त्याच्या तो काय कामाचा?

शब्दांच्या आठ जातींचेही तसेच. ग्रीक व्याकरणकारांनी आठ मोजल्या, त्यांत आर्टिकल होते. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही, म्हणून ते गळले आणि केवलप्रयोगी आले. संख्या पुन्हा आठ. लॅटिनमध्ये विशेषण हे नामाच्याच पोटात होते आणि धातुसाधित वेगळे मोजत. इंग्रजीवाल्यांनी विशेषण बाहेर काढले, धातुसाधित क्रियापदात घातले, संख्या परत आठच. आठ हा आकडा इतका पक्का बसला होता. वेगळा विचार करणारे लोक होते: न्यूकासलच्या अ‍ॅन फिशर या बाईंनी अठराव्या शतकात चारच जाती मानल्या: नामे, गुण, क्रियापदे आणि उरलेले सगळे छोटे शब्द. दहावीच्या मुलाला शब्दांची ‘जात ओळखा’ म्हणून घाम फुटतो तेव्हा मला या बाईंची आठवण होते.

लॅटिनचा साचा इंग्रजीवर लादू नका, असे स्पष्ट सांगणारा पहिला मोठा माणूस गणिती होता. जॉन वॉलिस हा ऑक्सफर्डचा भूमितीचा प्राध्यापक. अनंताचे आडव्या आठसारखे चिन्ह त्यानेच १६५५ मध्ये वापरात आणले. त्याआधी दोन वर्षे, १६५३ मध्ये, त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले, तेही लॅटिनमध्ये. कारण वाचक परदेशी होते. इंग्रजीत छापलेली पुस्तके वाचण्यासाठी युरोपातल्या विद्वानांना इंग्रजी हवे होते आणि त्यांची सामाईक भाषा लॅटिन होती. लॅटिन जे विभक्तीने करते ते इंग्रजी शब्दयोगी अव्ययाने करते, मग विभक्तींचे तक्ते कशाला, असे वॉलिसचे म्हणणे. परक्याला काय अडते हे त्याला दिसत होते, म्हणून त्याचे व्याकरण इंग्रजीच्या अंगाने जाते.

याच वॉलिसचा एक नियम आपल्यापैकी अनेकांनी शाळेत घोकला आहे. ‘आय’ आणि ‘वी’ बरोबर साधा भविष्यकाळ ‘शॅल’ने, बाकी सगळ्यांबरोबर ‘विल’ने, अदलाबदल केली की निश्चय, वचन किंवा धमकी. परदेशी माणसाचा या दोन शब्दांत गोंधळ उडतो, म्हणून वॉलिसने हा नियम बांधून दिला. पुढच्या व्याकरणकारांनी तो उचलला, वाढवला, आणि होता होता तो शुद्ध इंग्रजीची परीक्षा बनला. आपल्या मुलांना तो चमत्कारिक वाटला नाही, कारण ‘मी जाईन, तू जाशील, तो जाईल’ असे पुरुषानुसार बदलणारे भविष्य मराठीत आहेच. मराठी माणसाला सहज पटेल असा तो नियम होता, आणि म्हणूनच इंग्रज स्वतः पाळेनासे झाले तरी आपल्याकडे तो हट्टाने टिकला. आज मुलांना ‘विल’ सगळीकडे वापरू द्या. ‘शॅल आय’, ‘शॅल वी’ हे विचारणा करतानाचे प्रयोग तेवढे वेगळे शिकवा.

इथे जाता जाता गोव्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. बेन जॉन्सन या नाटककाराने लिहिलेले इंग्रजी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. त्याच वर्षी गोव्यात रायतूरला, म्हणजे राशोलला, कोकणी भाषेचे एक व्याकरण छापले गेले, आणि त्याचाही लेखक हयात नव्हता. तो होता ख्रिस्तपुराणाचा कर्ता फादर स्टीफन्स. इंग्लंडमध्ये जन्मलेला, १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा माणूस. त्याने व्याकरण लिहिले पोर्तुगीजमध्ये, साचा लॅटिनचा, भाषा कोकणी. हिंदुस्थानातल्या कुठल्याही भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानतात. इंग्रजीला स्वतःचे व्याकरण नीट मिळत होते त्याच काळात एका इंग्रजाने कोकणीला ते दिले, ही गोष्ट आपल्या शिक्षकांना माहीत असावी असे मला मनापासून वाटते.

आता दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांकडे वळतो. आपल्याला खरी गरज यांची होती. १५७२ मध्ये फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली आणि निर्वासितांचे लोंढे लंडनला आले. विणकर, कारागीर, छोटे व्यापारी असे हे लोक. त्यांना लॅटिनशी देणेघेणे नव्हते, त्यांना उद्या सकाळी बाजारात बोलायचे होते. त्यांच्यातलाच झाक बेलो नावाचा शिक्षक. त्याने १५८० मध्ये फ्रेंच माणसांसाठी इंग्रजीचे पुस्तक काढले आणि १५८६ मध्ये, म्हणजे बुलोकरच्याच वर्षी, संवादांचे दुसरे. या संवादांत सकाळी उठणे आहे, मुलांना शाळेत धाडणे आहे, कापडवाला, मासळीवाला, खाटीक यांच्याशी घासाघीस आहे, जेवणाची पंगत आहे. पानावर तीन रकाने: इंग्रजी वाक्य, त्याचे फ्रेंच, आणि तेच इंग्रजी वाक्य फ्रेंच माणसाला उच्चारता येईल अशा स्पेलिंगमध्ये.

हा तिसरा रकाना पाहिला की आपल्याकडची ‘घरबसल्या इंग्रजी शिका’ छापाची पुस्तके आठवतील. देवनागरीत उच्चार देण्याची त्यांची युक्ती बेलोचीच. या पुस्तकांना नाके मुरडायची पद्धत आहे, मला ती मान्य नाही. ज्याच्या कानावर भाषा पडत नाही त्याने उच्चार आणायचा कुठून? बुलोकर आणि बेलो एकाच वर्षी, एकाच शहरात छापले गेले. इंग्रजीच्या शिक्षणाचे दोन रस्ते तिथून निघतात, आणि मान मिळाला तो पहिल्याला.

कोशांची कथाही शाळामास्तरांपासूनच सुरू होते. रिचर्ड मुलकॅस्टर या मुख्याध्यापकाने १५८२ मध्ये सुमारे ८,००० इंग्रजी शब्दांची यादी छापली. अर्थ दिले नाहीत, फक्त स्पेलिंग. पण इंग्रजीतले सगळे शब्द एकत्र करून कुणीतरी त्यांचे अर्थ द्यावेत, अशी मागणी त्याने केली. १५९६ मध्ये एडमंड कूटचे पुस्तक आले, आणि हे पुस्तक माझ्या फार आवडीचे आहे. कूट स्वतः ग्रामर स्कूलचा मास्तर, पण त्याने लिहिले ते शिंपी, विणकर, दुकानदार आणि शिवणकाम करणाऱ्या बायांसाठी, ज्या शेजारपाजारच्या मुलांना अक्षरओळख करून देत. तो त्यांना सांगतो की मागावर बसल्या बसल्या, सुई चालवता चालवता तुम्ही मुलांचे वाचन ऐकू शकाल, तुमचे काम अडणार नाही. म्हणजे शिक्षक स्वतःच अर्धशिक्षित आहे हे गृहीत धरून लिहिलेले हे शिक्षकांचे पुस्तक. मुळाक्षरे, शब्दांचे तुकडे पाडणे, धर्माचे पाठ आणि शेवटी सुमारे १,४०० शब्दांची अर्थासह यादी. पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत त्याच्या पन्नासहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

कूटची ती यादी उचलून, तिच्यात लॅटिन कोशातली भर घालून, रॉबर्ट कॉड्री याने १६०४ मध्ये जे पुस्तक काढले त्याला इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश म्हणतात. शब्द अडीच हजारांच्या आसपास. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. मुखपृष्ठावरच त्याने सांगून टाकले आहे की हे पुस्तक बायकांसाठी आणि न शिकलेल्या कुणाहीसाठी आहे, ज्यांना बायबल वाचताना किंवा प्रवचन ऐकताना अवघड शब्द भेटतात. लॅटिन शाळेत जाणाऱ्या मुलग्यांना हे शब्द कळत, मुलींना त्या शाळेत प्रवेशच नव्हता.

कॉड्रीचे पान जवळून पाहा. फ्रेंचमधून आलेल्या शब्दाआधी एक खूण, ग्रीकमधून आलेल्याला ‘जी’ हे अक्षर, आणि ‘अमुक एक प्रकारचे’ म्हणायचे असेल तिथे नुसते ‘के’. ओक झाडाच्या फळासाठी जो शब्द आहे त्याच्यापुढे लिहिले आहे ‘के फ्रूट’, म्हणजे एक प्रकारचे फळ. झाला अर्थ. प्रस्तावनेत त्याने कोश बघायचा कसा तेही शिकवले आहे: आधी मुळाक्षरे क्रमाने पाठ करा, शब्द ‘ए’ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला शोधा, ‘व्ही’ने होत असेल तर शेवटाकडे, ‘सीए’ असेल तर ‘सी’च्या सुरुवातीला, ‘सीयू’ असेल तर ‘सी’च्या शेवटाकडे. चारशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या माणसांनाही हे शिकवावे लागत होते. आठवीच्या मुलाला कोशात शब्द सापडत नाही म्हणून रागावू नका. वर्णक्रमाने शोधणे हे कौशल्य आहे, ते मुद्दाम करून घ्यावे लागते. माझ्या अनुभवात या एका गोष्टीला दिलेला वेळ वर्षभर फळ देतो.

पहिल्या शंभर वर्षांतले कोश असे ‘अवघड शब्दांचे’ होते. १६२३ चा कॉकरमचा, १६५६ चा ब्लाउंटचा, १६५८ चा फिलिप्सचा, सगळे त्याच वाटेने गेले. जो शब्द सगळ्यांना ठाऊक आहे तो कोशात कशाला, असा त्यांचा हिशेब. १७०२ मध्ये जॉन कर्सीने रोजचे शब्द घातले तेव्हा अर्थ काय द्यायचा हाच पेच पडला. कुत्रा, मांजर अशा शब्दांपुढे ‘सर्वांना ठाऊक असलेला प्राणी’ अशा धर्तीचे अर्थ त्या काळच्या कोशांत दिसतात. सर्वांना म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या सर्वांना. नेथन बेली हाही शाळामास्तर. त्याचा १७२१ चा कोश सुमारे ४०,००० शब्दांचा होता आणि शतकभर आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या.

मग १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा. दोन मोठे खंड, ४२,००० हून अधिक शब्द, आणि त्यांच्या वापरासाठी साहित्यातून वेचलेली लाखभर अवतरणे. या कोशाबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी शिक्षकाच्या कामाचे तेवढेच सांगतो. एक, जॉन्सनने छोट्या, रोजच्या शब्दांवर खरी मेहनत घेतली. एकट्या ‘टेक’ या क्रियापदाचे त्याने १३४ अर्थ वेगळे करून दाखवले आहेत. दोन, प्रस्तावनेत त्याने परक्यांची अडचण नेमकी ओळखली: क्रियापदापुढे ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘आउट’ असा छोटा शब्द जोडला की अर्थ पार बदलतो, आणि परदेशी माणूस सर्वांत जास्त तिथेच अडखळतो, म्हणून हे प्रयोग आपण काळजीने नोंदले आहेत, असे तो सांगतो. त्याची उदाहरणे ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑन’, ‘ब्रेक ऑफ’ अशी आहेत. अडीचशेहून अधिक वर्षे झाली, आपल्या मुलांचे आजही तिथेच अडते, आणि आपल्या वर्गात या भागाला सर्वांत कमी वेळ मिळतो. मराठी मुलाला हे समजावण्याची सोपी वाट मराठीतच आहे. ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’, ‘पडला’ आणि ‘पडून राहिला’ यांतला फरक त्याला न शिकवता कळतो. जोडशब्दाने अर्थाला वळण मिळते, ही गोष्ट त्याला नवी नाही.

जॉन्सनची दुसरी बाजूही पाहा. जाळीकामाला जो इंग्रजी शब्द आहे, ‘नेटवर्क’, त्याचा अर्थ सांगताना त्याने ‘रेटिक्युलेटेड’, ‘डेकसेटेड’, ‘इंटरस्टिसेस’ असे शब्द वापरले आहेत. ज्याला ‘नेटवर्क’ कळत नाही त्याला हे कळतील का? हा कोश शिकलेल्या इंग्रजासाठी होता. व्याख्या मूळ शब्दापेक्षा सोपी असली पाहिजे, ही अट त्याने स्वतःवर घातलेली नव्हती.

ती अट पाळणारा कोश यायला १९३५ उजाडले, आणि त्याची मुळे हिंदुस्थानात आहेत. मायकेल वेस्ट बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षकांना शिकवत होता. तिथल्या मुलांना इंग्रजी बोलायची गरज क्वचित पडते, वाचायची पडते, हे त्याने पाहिले आणि त्यांच्यासाठी मोजक्या शब्दांची वाचनमाला रचली. पुढे जेम्स एंडिकॉटबरोबर त्याने काढलेल्या कोशात सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रचार समजावले आहेत, आणि त्यासाठी वापरलेले शब्द आहेत फक्त १,४९०. जपानमध्ये शिकवणाऱ्या हॉर्नबीचा १९४२ चा कोशही त्याच जातकुळीचा. ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्यातूनच आला. बेलोच्या बाजारातल्या संवादांचा खरा वारसा मला या दोघांत दिसतो.

अठराव्या शतकातल्या व्याकरणांकडे परत येतो, कारण आपल्या परीक्षेतला ‘वाक्य शुद्ध करा’ हा प्रश्न तिथला आहे. आधी उल्लेख केलेल्या अ‍ॅन फिशर यांचे व्याकरण १७४५ च्या सुमारास निघाले आणि त्याच्या तीसहून अधिक आवृत्त्या झाल्या. त्यांनी पुस्तकात चुकीच्या इंग्रजीचे उतारे घातले आणि मुलांकडून दुरुस्त करून घेतले. लॅटिनच्या सरावपुस्तकांत अशी रीत होती, ती त्यांनी इंग्रजीला लावली. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ आला. हा पुढे लंडनचा बिशप झाला. बरोबर काय ते सांगून भागत नाही, चूक काय तेही दाखवावे, असे त्याचे मत. म्हणून त्याने तळटीपांत शेक्सपिअर, मिल्टन, अगदी बायबलच्या भाषांतरातल्याही चुका काढल्या. लाउथला लोक फार कडक समजतात, पण वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येण्याला त्याने बंदी घातलेली नाही. आपल्या भाषेचा कलच तसा आहे, असे तो लिहितो, आणि ते लिहिताना त्याचे स्वतःचे वाक्यही अव्ययानेच संपते. गंभीर लेखनात दुसरी रचना बरी, एवढेच त्याचे म्हणणे. पुढच्या लोकांनी त्याचा नियम केला.

या सगळ्यांचा मजकूर एकत्र करणारा लिंडली मरे. अमेरिकेतला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा वकील, आजारपणामुळे इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ येऊन राहिलेला. गावातल्या मुलींच्या क्वेकर शाळेतल्या तरुण शिक्षिकांनी त्याला आमच्यासाठी एक पुस्तक लिहून द्या म्हणून गळ घातली आणि १७९५ मध्ये त्याचे व्याकरण छापले गेले. दोन वर्षांनी सरावाचे पुस्तक आणि त्याची उत्तरपुस्तिका. आपण नवे काही सांगत नाही, संकलन करतो, असे तो मोकळेपणाने म्हणतो. लाउथ आणि प्रीस्टली या आधीच्या व्याकरणकारांकडून त्याने भरपूर घेतले. त्याच्या सगळ्या पुस्तकांच्या मिळून दोन कोटींच्या आसपास प्रती खपल्या असा अंदाज सांगितला जातो. व्याख्या, नियम, नियमाखाली उदाहरण, मग चुकीची वाक्ये, मग शब्द-शब्द सोडवून जात, लिंग, वचन सांगणे, हा क्रम आपण सगळे ज्यावर वाढलो तोच आहे. नेसफिल्डने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या शाळांसाठी जी व्याकरणे लिहिली त्यांत, आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेल्या रेनच्या १९३० च्या दशकातल्या, मार्टिनच्या जोडीने निघालेल्या व्याकरणात तो क्रम ओळखू येतो.

चुकीची वाक्ये देण्याबद्दल माझे मत ठाम आहे. यॉर्कच्या त्या मुलींच्या कानात इंग्रजी होते. वाक्य वाचताच त्यांना खटकायचे, आणि का खटकले ते मरे सांगायचा. आपल्या मुलांच्या कानात ते नाही. त्यांना ‘ही गो टू स्कूल’ आणि ‘ही गोज टू स्कूल’ ही दोन्ही सारखीच अनोळखी. फळ्यावर आधी चुकीचे वाक्य लिहिले, मुलांनी ते वहीत उतरवले, की महिन्याभराने निबंधात तेच उमटते. शिक्षकांच्या वर्गांत मी हे वारंवार दाखवून दिले आहे. परीक्षेत प्रश्न येतो, त्याची तयारी करावी लागते, हे मला कळते. ती दहावीच्या शेवटच्या सत्रात, मुलांनी बरोबर वाक्ये भरपूर ऐकल्या-वाचल्यावर करा. आठवीत एकही चुकीचे वाक्य फळ्यावर येऊ देऊ नका.

मराठीपुरते पाहायचे तर हाच प्रश्न आपल्या जुन्या कोशांनाही लावा. विल्यम केरी या मिशनऱ्याचे मराठी व्याकरण १८०५ चे, कोश १८१० चा, दोन्ही बंगालमधल्या श्रीरामपूरचे आणि दोन्ही साहेबाला मराठी यावी म्हणून. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश, आणि सुमारे ६०,००० शब्दांपर्यंत वाढलेली त्याची १८५७ ची आवृत्ती, हे अफाट काम आहे. त्याला कँडी बंधूंची आणि मराठी शास्त्री-पंडितांची साथ होती. पण त्याची दिशा मराठीकडून इंग्रजीकडे. इंग्रजी पुस्तक वाचताना अडलेल्या मराठी मुलाला हवा होता उलटा कोश. तो मोल्सवर्थने आरंभलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला, १८४७ चा. दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे मराठी व्याकरण मात्र आपल्या मुलांसाठी होते. विभक्तींची नावे संस्कृतची, मांडणी इंग्रजी व्याकरणांच्या वळणाची. मराठीच्या तासाला शब्दांच्या ज्या आठ जाती शिकवतात त्या याच वळणाने आपल्याकडे आल्या, म्हणून त्या इंग्रजीच्या तासाला इतक्या चपखल जुळतात.

आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आजोबांच्या पिढीचे इंग्रजी त्यावर पोसले. जुनाट म्हणून ती बाजूला पडली, पण तिची बैठक योग्य होती: शिकणारा मराठी आहे, त्याच्या डोक्यात मराठी वाक्य आधी येते, तिथून त्याला इंग्रजीकडे न्यायचे. कर्ता-कर्म-क्रियापद हा आपला क्रम मोडून क्रियापद मध्ये आणण्याचा सराव तिने जितका करून घेतला तितका आजची चकचकीत पुस्तके करून घेत नाहीत. कमी होते ते ऐकणे आणि बोलणे.

आता प्रत्यक्ष उघडायचे कसे ते सांगतो. यांतली बहुतेक पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो. १८०० पूर्वीच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ हुबेहूब ‘एफ’सारखा दिसतो. फरक एवढाच की त्याची आडवी रेघ दांड्याच्या पलीकडे जात नाही. पहिली दोन पाने त्रास होतो, मग डोळा सरावतो. सुरुवात मरेपासून करा, कारण तो ओळखीचा वाटेल. मग जॉन्सनची प्रस्तावना. कॉड्री आणि कूट नुसते चाळले तरी चालेल. बुलोकर त्याच्या विचित्र स्पेलिंगमुळे वाचवत नाही, तो सोडा.

वर्गात न्यायचा तो बेलो. एक पान घेऊन तीन रकाने आखा: इंग्रजी वाक्य, मराठी वाक्य, देवनागरीत उच्चार. विषय मुलांच्या गावचा, म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशी, किराणा दुकान, दवाखान्यात नंबर लावणे. मुलांनी जोडीने म्हणायचे, मग भूमिका बदलायच्या. उच्चाराचा रकाना पहिले काही आठवडे ठेवा आणि मग झाकून टाका. देवनागरीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही ‘व’ होतात, ‘टीएच’चा ‘थ’ होतो, आणि शब्दातला जोर कुठे द्यायचा ते लिहिताच येत नाही. रकाना फार दिवस राहिला तर हे तिन्ही दोष जिभेत बसतात. झाकल्यावर मुले अडखळतील तिथे तुम्ही स्वतः म्हणून दाखवा किंवा मोबाइलवरचा उच्चार ऐकवा, आणि मराठीचा रकाना मात्र वर्षभर तसाच राहू द्या.